पाहणारा की पाहुणा?

माणसाने एखाद्या जिवाला नुसते पाहिले, हात लावला नाही, दगड मारला नाही, त्याच्या तोंडचा घास काढून घेतला नाही, तर त्यात अधर्म तो कोणता? प्रश्न वरवर अगदी सोपा दिसतो. जिभेला संयम हवा, हाताला संयम हवा, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण डोळ्यांच्या बाबतीत आपण बरेच सैल असतो. डोळे कोणाचे काही नेत नाहीत, अशी आपली समजूत. परंतु माणसाचे पाहणे आता इतक्या लांबवर जाऊन पोचले आहे, की या समजुतीची एकदा नीट झडती घेणे अगत्याचे झाले आहे.

निमित्त घडले ते एका वाचकाच्या पत्राचे. त्यांचा पुतण्या पुण्यात चांगल्या नोकरीवर आहे. येत्या मार्गशीर्ष-पौषात तो बायकोसह दक्षिण ध्रुवाकडच्या अंटार्क्टिका खंडाच्या सफरीला निघाला आहे. बर्फावरचे पेंग्विन पाहायचे, समुद्रातले देवमासे पाहायचे आणि परत यायचे. हल्ली आपल्याकडच्या प्रवासी कंपन्याही अशा सफरी काढतात. खर्च माणशी काही लाखांच्या घरात जातो. पत्रलेखक विचारतात, "याला यात्रा म्हणावं की चैन? आणि मी त्याला जा म्हणू की नको म्हणू?"

पैशाचा हिशेब आम्ही बाजूला ठेवतो. ज्याने कष्टाने मिळवला त्याने तो कुठे खर्चावा, हे त्याच्या घरच्यांनी पाहावे. चैन आहे हे उघडच आहे. पण प्रत्येक चैन म्हणजे पाप नव्हे. खरा प्रश्न निराळाच आहे. ज्यांच्या दाराशी हा गृहस्थ जाणार, त्यांचे काय? त्यांनी काही त्याला बोलावलेले नाही. बिनबोलावता जाणाऱ्याने कसे जावे, किती वेळ बसावे आणि जावे तरी का, हा पाहुण्याचा धर्म आहे. तो धर्म मुक्या जिवांच्या घरी लागू होतो की नाही, एवढेच येथे पाहायचे आहे.

प्रथम वस्तुस्थिती. अर्जेंटिना देशाच्या अगदी दक्षिण टोकाला उशुआया नावाचे बंदर आहे. बहुतेक जहाजे तिथून सुटतात. पुढे ड्रेकची सामुद्रधुनी लागते. जगातल्या अतिशय खवळलेल्या समुद्रांपैकी हा एक. तो ओलांडायला दोनेक दिवस जातात आणि भल्याभल्यांना तिथे अन्न गोड लागत नाही. मग पाण्यावर तरंगणारे बर्फाचे डोंगर दिसू लागतात आणि अंटार्क्टिकाचे द्वीपकल्प येते. तिथले ऋतू आपल्या उलट. इकडे आषाढीला पाऊस कोसळत असतो तेव्हा तिकडे हिवाळ्याचा काळोख. इकडे कार्तिकी झाली, थंडी पडू लागली, की तिकडे वसंत. म्हणून जहाजे जातात ती ऑक्टोबरच्या अखेरीपासून मार्चपर्यंत. एवढे पाच महिने काय ती दारे उघडी.

या पाच महिन्यांतही महिन्यागणिक देखावा निराळा. सफरीच्या पत्रकांत तसा तक्ताच दिलेला असतो. नोव्हेंबरात गेलात तर पेंग्विनांची जोडी जमताना आणि घरटी रचताना दिसतील. चोचीत एकेक खडा धरून ते लगबगीने चाललेले असतात आणि शेजाऱ्याचा खडा चोरायलाही कमी करत नाहीत. डिसेंबरच्या उत्तरार्धात व जानेवारीत गेलात तर अंड्यांतून पिले बाहेर पडलेली दिसतील. फेब्रुवारी-मार्चमध्ये पिलांची लव झडून पाण्याला टिकणारी पिसे येतात, आणि त्याच सुमारास समुद्रात देवमासे मोठ्या संख्येने दिसतात. हे कुबड्या जातीचे देवमासे दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या उबदार पाण्यातून हजारो कोस पोहत येतात, ते केवळ क्रिल खाण्यासाठी. क्रिल म्हणजे कोळंबीसारखा दिसणारा, बोटभर लांबीचा जीव. एवढ्याशा जिवावर एवढी अजस्र काया पोसली जाते, हे ऐकूनच माणूस थक्क होतो. मग डोळ्यांनी पाहावेसे वाटले तर नवल नाही. त्या इच्छेला आम्ही नावे ठेवत नाही. ज्याला आश्चर्य वाटत नाही, त्या मनात भक्तीही रुजत नाही.

पण हाच तक्ता आता उलट बाजूने वाचून पाहू. आपण ज्याला हंगाम म्हणतो, तो पाहणाऱ्याचा हंगाम. पाखराच्या बाजूने तो काय आहे? वर्षभरातली तेवढीच त्याची घात आहे. जेंटू जातीच्या पेंग्विनाची मादी साधारण दोन अंडी घालते. नर आणि मादी आळीपाळीने ती सुमारे पाच आठवडे उबवतात. एक घरट्यावर, एक समुद्रात. वर आकाशात स्कुआ नावाचा पक्षी टपून असतो. आई-बाप क्षणभर उठले, अंडे उघडे पडले, की ते गेलेच. पिलू झाले तरी त्याला थंडीपूर्वी खाऊनपिऊन धडधाकट व्हायचे असते. पंधरा दिवस उशीर म्हणजे पुष्कळदा आयुष्यच हुकले.

शेतकऱ्याला हे फोड करून सांगायला नको. वाफसा आलेला आहे, तिफण जुंपलेली आहे, आभाळ भरून येत आहे. आणि अशा वेळी शंभर परकी माणसे रंगीत कपडे घालून बांधावर येऊन उभी राहिली. त्यांनी पिकात पाय टाकला नाही, बियाण्याला हात लावला नाही, नुसती कौतुकाने बघत राहिली. तरी बैल बुजतात की नाही? घरधन्याचे लक्ष उडते की नाही? आणि उद्या तेवढीच दुसरी माणसे आली, परवा तिसरी आली, तर तो काय म्हणेल? त्याला तोंड आहे म्हणून तो बोलेल. पेंग्विन बोलत नाही, आणि दुर्दैवाने त्याची चाल आपल्याला गमतीची वाटते.

कोणी म्हणेल, "अहो, पण ते पक्षी माणसाला भीतच नाहीत. जवळ गेलं तरी शांत बसून राहतात." यावर शास्त्रज्ञांनी एक मासलेवाईक प्रयोग केलेला आहे. अंड्यावर बसलेल्या पेंग्विनाच्या हृदयाचे ठोके त्यांनी यंत्राने मोजले. माणूस जवळ येऊ लागला की पाखरू हलत नाही, मान वळवत नाही, पण आतले हृदय मात्र जोराने धावू लागते. ते बसून राहते ते धीट म्हणून नव्हे, खाली अंडे आहे म्हणून. आईला पळता येत नाही, याला आपण तिची ओळख झाली असे समजतो! मुक्याची शांतता ही संमती नव्हे, एवढे तरी या प्रयोगावरून घ्यावे.

येथे न्यायासाठी दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, आणि ती लहान नाही. माणूस या प्रदेशात पहिल्याने गेला तो पाहायला गेलाच नाही. दक्षिण जॉर्जिया नावाच्या बेटावर १९०४ साली कार्ल अँटन लार्सेन या नॉर्वेच्या दर्यावर्द्याने ग्रिटव्हिकेन येथे देवमासे कापण्याचा कारखाना उभारला. त्या एका बेटावर १९६५ पर्यंत सुमारे पावणेदोन लाख देवमासे कापले गेले. त्यांच्या चरबीचे तेल साबणाला, यंत्रांना, कृत्रिम लोण्याला लागत असे. डिसेप्शन नावाच्या बेटावरच्या उपसागरात १९१२ ते १९३१ पर्यंत असाच कारखाना चालला. त्याच्या गंजलेल्या टाक्या आजही काळ्या वाळूत उभ्या आहेत. आज त्याच वाळूवर सफरीची माणसे उतरतात आणि हातात भाल्याऐवजी कॅमेरा असतो. देवमाशांच्या व्यापारी शिकारीला थांबवण्याचा ठराव जगातल्या राष्ट्रांनी १९८२ मध्ये केला, तो १९८५-८६ च्या हंगामापासून लागू झाला, आणि कुबड्या देवमासा हळूहळू परत आला. भाला टाकून माणूस पाहायला शिकला, ही काही थोडी प्रगती नव्हे. कसायाच्या दुकानातून उठून तो प्रेक्षकाच्या बाकावर बसला. आमचे म्हणणे एवढेच, की प्रेक्षकाचे बाक ही शेवटची पायरी नव्हे.

आता या पाहण्याची व्यवस्था कशी आहे तेही ऐकण्यासारखे आहे. सामान्य प्रवाशांची पहिली टोळी लार्स-एरिक लिंडब्लाड या गृहस्थाने १९६६ साली तिथे नेली. त्यापूर्वी १९५९ मध्ये बारा राष्ट्रांनी करार करून तो खंड शांततेसाठी आणि शास्त्रासाठी राखून ठेवला होता. भारत त्या करारात १९८३ मध्ये सामील झाला. पुढे १९९१ मध्ये माद्रिद येथे राष्ट्रांनी आणखी एक मसुदा मान्य केला. त्यात खाणी खोदण्यास बंदी आली आणि पशुपक्ष्यांना उपद्रव देण्यास मनाई झाली. त्याच साली सफरी नेणाऱ्या कंपन्यांनीही आपला संघ करून नियम बांधून घेतले. एका जागी एका वेळी शंभरांहून अधिक माणसे उतरवायची नाहीत. पाचशेहून अधिक प्रवासी असलेल्या जहाजाने कोणालाच खाली उतरवायचे नाही. पेंग्विनापासून निदान पाच मीटर दूर राहायचे. त्याची समुद्राकडे जायची वाट असेल तर आपण थांबायचे, त्याने नाही. किनाऱ्यावर काही खायचे नाही. एक खडा, एक पीससुद्धा उचलायचे नाही. आणि उतरण्यापूर्वी बूट जंतुनाशक पाण्यात धुवायचे, खिसे आणि पिशव्या यंत्राने झाडून घ्यायच्या, कारण शिवणीत अडकलेले एखादे बी तिथे पडले तर अनर्थ. ही भीती पोकळ नाही. किंग जॉर्ज बेटावर पोलंडच्या संशोधन केंद्राजवळ १९८५ च्या सुमारास आपल्या हिरवळीतल्यासारखे एक साधे गवत उगवलेले आढळले. माणसांच्या पायांबरोबर ते आले, आणि मग काढता काढता नाकी नऊ आले. अलीकडे पाखरांना मारणारी सर्दीची साथ फेब्रुवारी २०२४ मध्ये खुद्द त्या खंडावर सापडली. त्या साथीच्या भीतीने किनाऱ्यावर बसायचे नाही, गुडघा टेकायचा नाही, पिशवी खाली ठेवायची नाही, असाही नियम आहे.

हे वाचताना आम्हाला आपल्या घरची एक चाल आठवली. घरात बाळंतीण असली म्हणजे बाहेरून आलेला माणूस थेट तिच्या खोलीत शिरत नाही. आधी हातपाय धुतो, उंबऱ्याशी थांबतो, आवाज खाली करतो, बाळ उचलून घ्यायचा हट्ट धरत नाही, आणि लवकर उठतो. त्याला कोणी नियमांचा कागद वाचून दाखवत नाही. आमच्या आजीपणजींना जे उपजत कळत होते, तेच शिकायला सगळ्या जगाला ठराव करावे लागले. पण शिकले हे महत्त्वाचे. किनाऱ्यावर बूट धुऊन उतरणारा परदेशी गृहस्थ कोणत्याही धर्माचा असो, त्या क्षणी तो बाळंतिणीच्या उंबऱ्याशी उभा आहे. हा आचार आम्हाला मनापासून वंदनीय वाटतो.

मग अडचण कुठे आहे? अडचण अशी, की उंबऱ्याशी इतका जपून वागणारा हा पाहुणा आला कसा, ते कोणी विचारत नाही. पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाहून विमानाने, मग तेल जाळणाऱ्या जहाजाने. २०११ पासून त्या समुद्रात जाडे, काळे तेल वापरायला बंदी झाली, हे खरे आणि चांगले. तरी जहाज काही वाऱ्यावर चालत नाही. चिली देशातल्या संशोधकांनी २०२२ मध्ये आपले मोजमाप प्रसिद्ध केले. जहाजांच्या आणि तळांच्या धुराची काजळी बर्फावर बसते, काळे झालेले बर्फ उन्हात लवकर वितळते, आणि एका प्रवाशामागे सुमारे ८३ टन बर्फ असे आधीच वितळते, असा त्यांचा हिशेब आहे. पाच मीटर अंतर राखणारे आपण, आणि आपल्यामागे ८३ टन! पाहुणा पायपुसण्यावर पाय पुसून आत आला, पण येताना छपराला चूड लावून आला, असे हे झाले.

आणि छपराची गोष्ट काल्पनिक नाही. पेंग्विनांत सर्वांत मोठा तो सम्राट पेंग्विन. मादी एकच अंडे घालून समुद्रात जाते. नर ते पायांवर घेऊन, पोटाच्या घडीखाली झाकून, ऐन हिवाळ्याच्या काळोखात दोन महिन्यांहून अधिक काळ उभा राहतो. तोंडात अन्नाचा कण नाही. वारा सुटला की सगळे बाप एकमेकांना चिकटून उभे राहतात आणि पाळीपाळीने आत-बाहेर होतात, म्हणजे कडेचा गारठा एकट्याच्याच वाट्याला येऊ नये. ही सगळी तपश्चर्या समुद्रावर गोठलेल्या बर्फाच्या भरवशावर. पिलांना पाण्याला टिकणारी पिसे फुटेपर्यंत ते बर्फ टिकले पाहिजे. २०२२ च्या अखेरीस बेलिंग्सहाउझेन समुद्रात ते टिकले नाही. तिथल्या पाच वसाहतींपैकी चार वसाहतींत एकही पिलू वाचले नसावे, असा निष्कर्ष ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हे या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केला. हा दोष सफरीच्या जहाजांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. जगातली वाढती उष्णता ही आपणा सर्वांच्या चुलीची, गिरणीची, मोटारीची मिळून आहे. पण म्हणूनच कोणालाही "मी नुसता पाहायला आलो" असे म्हणून हात झटकता येत नाहीत.

आता याच गोष्टीत एक बारीकसा मुद्दा आहे, तो वाचकांनी लक्षात घ्यावा. त्या पिलांचे काय झाले हे शास्त्रज्ञांना कळले कसे? ते तिथे गेलेच नव्हते. आकाशात फिरणाऱ्या उपग्रहाने काढलेल्या चित्रांत बर्फावरचे विष्ठेचे डाग दिसतात. त्या डागांवरून ते वसाहत ओळखतात. डाग होते, मग बर्फ फुटले, मग डाग नाहीसे झाले. म्हणजे त्या जिवांवरचा इतका मोठा आघात ज्या डोळ्यांनी पाहिला आणि जगाला सांगितला, त्या डोळ्यांनी तिथे पाऊलही टाकले नव्हते.

सफरींच्या बाजूने सर्वांत जोरदार युक्तिवाद जो करतात, त्याला हे उत्तर आहे. ते म्हणतात, "पाहिल्याशिवाय प्रेम कसं बसेल? आणि प्रेम बसल्याशिवाय माणूस राखील कसा? आमचे प्रवासी परत जातात ते त्या खंडाचे वकील होऊन जातात." यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. काहींचे आयुष्य अशा एका दर्शनाने बदललेले असेलही. पण पाहिल्यावरच प्रेम बसते, हे आपल्या वाचकाला कोणी पटवू नये. ज्याला कधी पाहिले नाही त्याच्याविषयी नुसते ऐकून, कीर्तनाला बसून, डोळ्यांत पाणी येते, हा आपला रोजचा अनुभव आहे. कान हेही प्रेमाचे दार आहे. आणि पंढरीला लाखांच्या गर्दीत ज्याला आत जाता येत नाही, तो कळसाला हात जोडून घरी परततो. त्याची वारी उणी आहे असे आजवर कोणी म्हटलेले नाही. जवळ जाण्यावर प्रेमाचे माप ठरत नाही. उलट, जवळ गेल्याने त्याला त्रास होईल म्हणून जो लांब थांबतो, त्याचे प्रेम अधिक कसाला लागलेले असते.

उत्तर ध्रुवाकडचे एक उदाहरण देतो. नॉर्वेच्या उत्तरेला स्वालबार्ड नावाची बेटे आहेत. तिथे पांढरी अस्वले असतात. त्यांच्या शिकारीला १९७३ पासून बंदी आहे. उन्हाळ्यात जहाजे तिथेही जातात. २८ जुलै २०१८ रोजी एका सफरीच्या जहाजाचे पहारेकरी, प्रवाशांना उतरवण्यापूर्वी किनारा मोकळा आहे ना हे पाहायला, एका लहान बेटावर उतरले. अस्वलाने एकावर झडप घातली, त्याच्या डोक्याला जखम झाली, आणि बरोबरच्यांनी अस्वलाला गोळ्या घातल्या. पहारेकऱ्यांना दोष देता येत नाही. जिवावर बेतले होते. अस्वलाला तर मुळीच देता येत नाही. ते आपल्या घरात होते. मग ते मेले कशाने? कोणाच्या क्रौर्याने मेले नाही. "त्याला पाहायला मिळावे" या इच्छेने मेले. वाईट हेतू कोणाचाच नसताना वाईट घडते, ते असे. नॉर्वेने १ जानेवारी २०२५ पासून नियम कडक केले: अस्वलापासून निदान ३०० मीटर, आणि मार्च ते जूनपर्यंत ५०० मीटर दूर राहायचे. जसे कळत गेले तसे अंतर वाढत गेले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. अज्ञानी मनुष्याला जवळीक म्हणजेच आपुलकी वाटते. जाणता मनुष्य अंतर राखतो आणि त्याला दुरावा म्हणत नाही.

"पण मग कोणीच जाऊ नये काय?" असे नाही. जाण्याला कारण असते. आपल्या शेजारच्या गोव्यात वास्को येथे राष्ट्रीय ध्रुवीय व सागरी संशोधन केंद्र आहे. तिथून आपली माणसे अंटार्क्टिकावरच्या मैत्री आणि भारती या भारतीय केंद्रांवर जातात, कधी वर्षवर्ष घरदार सोडून राहतात. हवा, बर्फ आणि समुद्र यांचे काय चालले आहे ते मोजतात, आणि त्या मोजमापाचा आपल्या पावसाशीही संबंध पोचतो. त्यांचे जाणे हे कामाचे जाणे आहे, तरी त्यांनाही बंधने आहेतच. पूर्वी संशोधक गाड्या ओढायला कुत्री नेत. तिथल्या सील माशांना त्यांचे रोग लागतील म्हणून १९९४ पर्यंत सगळी कुत्री परत आणली गेली. कामासाठी गेलेल्यालाही जिथे आपला इमानी सोबती परत न्यावा लागतो, तिथे हौसेसाठी गेलेल्याने आपल्या हौसेला वेसण घालू नये काय?

आणि एकट्यादुकट्याची गोष्ट आता राहिलेली नाही. १९९१-९२ च्या हंगामात सहा-सात हजार प्रवासी तिथे गेले होते. २०२२-२३ पासून हा आकडा दर हंगामाला लाखाच्या पुढे आहे. "मी एकट्याने गेल्यानं असं काय बिघडतं?" या वाक्यात किती फसवणूक भरलेली असते, हे यात्रेला जाणाऱ्या माणसाला नदीच्या वाळवंटातली उष्टी पत्रावळ पाहिली की कळते. तीही कोणा एकट्याचीच होती.

आता पत्रलेखकांना उत्तर. आम्ही त्यांच्या जागी असतो तर पुतण्याला "जाऊ नको" असे म्हटले नसते. कारण मनाईने मनुष्य जायचा थांबतो, पण पाहण्याची रीत शिकत नाही. आम्ही त्याला जवळ बसवून विचारले असते: बाबा रे, तिथे काढलेले एकही चित्र कोणाला दाखवायचे नाही, गेल्याचे कोणाला सांगायचे नाही, अशी अट घातली तर तू जाशील का? जाशील, तर तुझी ओढ त्या जिवांची आहे. नाही जाणार, तर तुला पेंग्विन पाहायचा नाही, पेंग्विन पाहिलेला मनुष्य म्हणून तुला स्वतःला पाहायचे आहे. आणि त्यासाठी एवढ्या लांब एखाद्या बाळंतिणीला उठवायचे कारण नाही. दुसरे असे, की तिथे पोचल्यावर जहाजावरच्या वाटाड्याने, आज वसाहतीत साथ दिसते, आज उतरायचे नाही, असे सांगितले, तर लाखो रुपये भरल्याचा राग न धरता तू लांबून हात जोडून माघारी फिरशील का? कळसाचे दर्शन घेऊन फिरण्याची तयारी असेल तरच जा. आणि परत आल्यावर तुझ्या घरात काय कमी होणार, तेही आजच ठरव. दारातली दुसरी मोटार, वर्षाकाठचे विमानाचे प्रवास, काहीतरी. ज्याच्या छपराला आपल्यामुळे आच लागली, त्याच्या घरी जेवून आल्यावर पाहुण्याने नुसते कौतुक सांगत फिरणे शोभत नाही.

एवढ्यावरही तो गेला, तर सुखाने जावो. त्याच्या जाण्याला आम्ही यात्रा म्हणणार नाही. पण तो पाहुण्यासारखा गेला, तर चैनही म्हणणार नाही.

राहिली गोष्ट आम्हा-तुम्हांची. दक्षिण ध्रुव आपल्या वाट्याला येण्याचा संभव नाही, म्हणून आपण या प्रश्नातून सुटलो असे नाही. आपल्या भीमेवरच, पंढरीच्या वरच्या अंगाला, उजनीच्या जलाशयात हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. भिगवणच्या बाजूला ते पाहायला होड्या निघतात, आणि पंख उघडल्यावरचा गुलाबी रंग चित्रात यावा म्हणून होडी थव्यात घालून त्यांना उडवायला सांगणारेही असतात. तो पक्षी तिथे उथळ पाण्यात मान खाली घालून पोट भरत असतो; दर उड्डाणाला त्याचे दाणापाणी तुटते. कोणी वाचक यंदा तिकडे गेला, तर त्याने होडीवाल्याला एवढेच सांगावे: "दादा, लांबच थांबव. उडवू नको. आम्ही इथूनच बघतो." होडीवाल्याची मजुरी मात्र पुरती द्यावी, म्हणजे उद्याही तो लांबच थांबवील.